आधी तराजू, मग मशीन: टॉवेल आणि गणवेशाच्या कात्रणापासून विकता येईल असा माल कसा करायचा

सोलापुरात शिलाई युनिट चालवणारे, टॉवेल हेमिंगचं, म्हणजे कडा दुमडून शिवायचं, जॉबवर्क घेणारे आणि बचत गटातल्या बायका मला एकच प्रश्न विचारतात: "कात्रण भरपूर पडलंय, त्याचं काय शिवू?" खरं तर काय शिवायचं हे चौथ्या पायरीला ठरतं. आधीच्या तीन पायऱ्या गाळून थेट पिशव्या शिवायला घेतल्या की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. पहिले शंभर नग ओळखीपाळखीत खपतात, दुसऱ्या खेपेला तक्रारी येतात, तिसऱ्या खेपेला बायकांची मजुरी थकते. मशीन कोपऱ्यात जातं आणि कात्रण पुन्हा भंगारवाल्याकडे, नाहीतर उकिरड्यावर पेटवलं जातं.

चार ते वीस मशीनचं युनिट किंवा दहा-बारा जणींचा गट डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलंय. कापड रंगवणं यात धरलेलं नाही. तो वेगळा धंदा आहे, त्याला पाणी, सांडपाण्याची प्रक्रिया आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. कात्रणाच्या जोडीला रंगकाम सुरू करू नका.

## सुरू करण्यापूर्वीची तयारी

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: पन्नास किलोपर्यंतचा साधा तराजू, एक जाड वही, सहा-सात रिकाम्या गोण्या, गोण्या टांगायला भिंतीवर खिळे किंवा पाइप, एक मोठं लोहचुंबक, मोजपट्टी आणि न पुसणारं मार्कर पेन. नवीन मशीन या यादीत नाही. पहिले दोन महिने ते घेऊ नका.

जागेचं मात्र आधी पाहा. सुती टेरीचा, म्हणजे टॉवेलच्या लूपदार कापडाचा, भुसा आणि कात्रण ठिणगीनं पेटतं आणि आग पसरायला मिनिटंही लागत नाहीत. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जण गेले. ते आठवून आपल्या युनिटचा दरवाजा, जिना आणि मीटर बोर्ड पुन्हा एकदा नीट बघा. गोण्यांची थप्पी मीटर बोर्डापासून, इस्त्रीपासून आणि जिन्यापासून लांब हवी. बाहेर पडायच्या वाटेवर एकही गोणी नको, "दोन दिवसांपुरती" सुद्धा नको. कामगार आत झोपत असतील तर माल आणि झोपायची जागा वेगळी करा, आणि बाहेरून कुलूप कधीही लावू नका.

तपासा: दिवे घालवून, डोळे मिटून, भिंतीला हात लावत मशीनपासून दारापर्यंत जाता येतं का? येत नसेल तर आज तेवढंच काम करा.

## पायरी १: तीन आठवडे फक्त वजन करा

रोज संध्याकाळी झाडू मारण्यापूर्वी कात्रण तोला आणि वहीत लिहा. रकाने चारच: तारीख, कोणतं कापड, किती किलो, कशामुळे पडलं. चौथा रकाना बहुतेक जण सोडून देतात आणि सगळा उपयोग त्याचाच असतो.

"कशामुळे" मध्ये साधारण पाच कारणं येतात. फर्म्यांच्या (कापायच्या साच्यांच्या) मधली जागा, थान (कापडाचा तागा) संपताना उरलेला तुकडा, कापडाच्या कडेची पट्टी, विणीतला दोष आणि चुकीची कटिंग. टॉवेलच्या कामात हेमिंगआधी कापलेल्या दशा आणि काठ यांचा सहावा प्रकार धरा.

तीन आठवडे अशासाठी की एका आठवड्यात एकच ऑर्डर चालू असते आणि आकडा फसवतो. शाळा उघडण्याआधी गणवेशाचा हंगाम असतो तेव्हाचं कात्रण आणि दिवाळीनंतरचं कात्रण यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून तीन आठवड्यांनंतरही वही बंद करू नका, फक्त रोजच्याऐवजी आठवड्याला तोला.

नेहमीची चूक: "आमच्याकडे महिन्याला दोनशे किलो निघतं" असं अंदाजानं सांगून ऑर्डर घेणं. दोनशेपैकी शिवण्यालायक किती हे तोलून वेगळं केल्याशिवाय कळत नाही. पोतं फुगलेलं दिसतं, पण त्यात बोटभर पट्ट्याच जास्त असतात.

## पायरी २: आधी कात्रण कमी करा

कात्रणापासून वस्तू करायची ठरवलेल्या माणसाला "कात्रणच कमी कर" हे सांगणं विचित्र वाटतं. पण थानातला एक मीटर वाचला तर तो पूर्ण किमतीचा मीटर असतो. तोच तुकडे होऊन पडला तर त्याला किलोचा भाव येतो. म्हणून वही घेऊन कटिंग मास्तरांसोबत अर्धा तास बसा. त्यांना दोष देत बसू नका, आकडे दाखवा. बहुतेक मास्तरांना कुठे वाया जातं हे आधीपासून माहीत असतं, त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

१. थानं पन्ह्याप्रमाणे, म्हणजे कापडाच्या रुंदीप्रमाणे, वेगळी करा. वेगवेगळ्या पन्ह्याची थानं एकाच लेयरमध्ये (कापण्यासाठी एकावर एक पसरलेल्या थरांत) टाकली की फर्मे लहान पन्ह्याला बसवावे लागतात आणि मोठ्या पन्ह्याची कड सरळ गोणीत जाते. लेबलवर विश्वास न ठेवता प्रत्येक थान मोजपट्टीनं मोजा.

२. एकाच मापाचे फर्मे सलग मांडू नका. मोठ्या मापांच्या मधल्या जागेत लहान माप बसतं. खडूनं आखण्याआधी मोठ्या कागदावर मांडणी करून पाहा आणि जमलेली मांडणी जपून ठेवा, पुढच्या ऑर्डरला ती कामाला येते.

३. लेयरच्या दोन्ही टोकांना किती कापड जास्त सोडलं जातंय ते मोजा. थर पन्नास असतील आणि प्रत्येकाला दोन सेंटीमीटर जादा सुटत असेल, तर त्या एका कटिंगमध्ये एक मीटर गेला.

४. उभा-आडवा धागा मोडून फर्मा बसवू नका. कापड वाचतं, पण धुतल्यावर कपडा पिळवटतो आणि माल परत येतो.

याच वेळी शिलाई मशीनची मोटरही पाहून घ्या. जुनी क्लच मोटर बटण चालू असेपर्यंत फिरत राहते, कारागीर धागा ओवत असली तरी वीज जाते. सर्व्हो मोटर पायडल दाबलं तरच फिरते. सगळ्या मशीनना एकदम बदल करायची गरज नाही. सगळ्यात जास्त तास चालणाऱ्या मशीनपासून सुरुवात करा आणि वीजबिल ताडून पुढचं ठरवा.

## पायरी ३: पडेल तिथेच वेगळं करा

सगळं काम या पायरीवर अवलंबून आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बचत गटाचा हिशेब लिहायला मी काही महिने जात होतो. एका कारखान्यातून त्यांना सरमिसळ गोण्या मिळायच्या, सगळे रंग, सगळे प्रकार एकत्र. गटानं त्यातून टेरीचे दुपदरी पुसणी-रुमाल शिवले, वर पांढरं, खाली लाल. दिसायला देखणे होते, एका दुकानदारानं तीनशे घेतले. पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरला आणि सगळी गठडी परत आली. त्या दिवशी गेलो तेव्हा गटातल्या एक अक्का उंबऱ्यावर बसून ब्लेडच्या तुकड्यानं शिवण उसवत होत्या. लाल एका बाजूला, पांढरं दुसऱ्या बाजूला, उसवलेला दोरासुद्धा बोटाला गुंडाळून ठेवत होत्या. तीनशे नगांची शिलाई, तीनशे नगांची उसवण, आणि हातात काहीच नाही. ज्या गोणीत लाल-पांढरं एकत्र पडलं तिथेच ती चूक झाली होती, शिवणारीचा तिच्यात काही हात नव्हता.

म्हणून कटिंग टेबलालाच गोण्या टांगा. जमिनीवर पडू देऊन नंतर निवडायला दुप्पट वेळ लागतो, शिवाय तेल, भुसा आणि सुयांचे तुकडे चिकटतात.

कापडाच्या जातीप्रमाणे पाच गोण्या पुरतात:

- सुती टेरी
- सुती साधं कापड आणि चादरीचे तुकडे
- पॉलिस्टर किंवा मिश्र कापड, म्हणजे बहुतेक गणवेशांचं
- होजियरी, म्हणजे ताणलं जाणारं
- सूत, दशा आणि भुसा

सुती गोण्यांमध्ये पांढरं-फिकं आणि गडद असे दोन भाग करा. मग आकार: वीतभराहून मोठं, तळहाताएवढं, आणि त्याहून लहान. आकाराची निवड टेबलाजवळ न करता दिवसाच्या शेवटी केली तरी चालते.

कापडाची जात ओळखता येत नसेल तर जाळून पाहा. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून, शेजारी पाण्याचं भांडं ठेवून, आणि कात्रणाच्या गोण्यांपासून लांब, उघड्यावर. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळाल्याचा वास येतो आणि मऊ करडी राख राहते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर काळा कडक मणी राहतो. मिश्र कापडाच्या राखेत बोटाला कडक कण लागतात. प्रत्येक नवीन थान आलं की एकदाच ही चाचणी करून तुकडा वहीत टाचून ठेवा, म्हणजे पुन्हा करावी लागत नाही.

सावधान: निवडलेल्या प्रत्येक गोणीवरून लोहचुंबक फिरवा. तुटलेल्या सुईचं टोक टेरीच्या लूपमध्ये दिसत नाही. ज्या तुकड्यांतून बाळाची लाळेरी होणार असतील तिथे एकही तुकडा चुंबकाविना पुढे जाता कामा नये.

तेलाचे डाग पडलेलं आणि झाडलोटीतून आलेलं कात्रण वेगळं ठेवा. ते गॅरेजला पुसायला चालतं. घरात वापरायच्या वस्तूत ते घालू नका. निवडणाऱ्या बाईला नाका-तोंडावर मास्क द्या आणि पंखा तिच्या पाठीमागे, भुसा खिडकीकडे जाईल असा लावा. सुताचा भुसा वर्षानुवर्षं छातीत गेला की दम लागतो, हे माग चालवणाऱ्या घरांना वेगळं सांगायला नको.

## पायरी ४: कोणत्या तुकड्याचं काय होतं

नियम एकच ठेवा: तुकडा जेवढा मोठा राहील तेवढा ठेवा. मोठा तुकडा कापून लहान वस्तू करणं म्हणजे चांगला माल आपल्या हातानं स्वस्त करणं.

सुती टेरी पाणी शोषते, म्हणून तिचं काम पुसण्याचं. वीतभराहून मोठ्या तुकड्यांची लाळेरी, ओट्याचे रुमाल, हातपुसणी. तळहाताएवढ्यांचे दुपदरी पुसणी-रुमाल. लांब पट्ट्यांचं फरशी पुसायचं मॉप.

गणवेशाचं मिश्र कापड पाणी नीट शोषत नाही. त्याचं पुसणं शिवलं की गिऱ्हाईक एकदाच घेतं. पण ते मजबूत असतं, सुरकुतत नाही आणि लवकर वाळतं. त्यामुळे भाजीच्या पिशव्या, डब्याच्या पिशव्या, कंपासच्या थैल्या, कामाचे एप्रन यांना उत्तम.

चादरीचे तुकडे जाड असतात आणि त्यांची नक्षी ओळखीची असते. त्यांची आसनं, उशांचे अभ्रे, गरम भांड्याखालची घडी होते. भांड्याखालच्या घडीत पॉलिस्टर कुठेही येऊ देऊ नका, आतल्या थरातसुद्धा. गरम पातेल्यानं ते वितळतं. होजियरीच्या पट्ट्यांची वेणी घालून पायपुसणी होतात, शिवायला दोरा थोडाच लागतो.

वाकळ शिवायची कला आपल्याकडे घराघरांत आहे आणि तिला शहरात चांगलं मोल मिळू शकतं. पण ती सर्वात वेळखाऊ वस्तू आहे. पहिल्या सहा महिन्यांत ऑर्डर असल्याशिवाय तिला हात घालू नका.

सगळ्यात लहान तुकड्यांवर जीव लावू नका. स्वच्छ सुती असेल तर धुऊन, वाळवून आसनाच्या भरावाला वापरा. बाकीचं जातीनुसार वेगळं बांधून विका. कापडाच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढण्याचा मोठा धंदा पानिपतला चालतो आणि मोठे चिंधी व्यापारी तिकडे माल पाठवतात. वेगळ्या केलेल्या गोणीला सरमिसळ गोणीपेक्षा भाव जास्त मागता येतो. पहिल्या पायरीची वही दाखवून महिन्याचं ठरावीक वजन सांगितलंत, तर व्यापारी दारात येतो.

तपासा: निवडलेल्या वस्तू तीनपेक्षा जास्त झाल्या असतील तर यादी छाटा. तीन वस्तू नीट जमल्या की चौथी.

## पायरी ५: धुणं, आकसवणं आणि रंगाची परीक्षा

हे सगळं कापायच्या आणि शिवायच्या आधी. शिवल्यावर धुतलं की दुपदरी वस्तूचा एक पदर आकसतो, दुसरा राहतो, आणि रुमाल वाटीसारखा वळतो.

रंगाची परीक्षा आधी. प्रत्येक रंगाचा एक तुकडा पांढऱ्या सुती चिंधीला टाचून कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, चोळा, सुकवा. पांढऱ्यावर रंग दिसला तर तो रंग फक्त त्याच रंगाच्या वस्तूत वापरायचा. रंग पक्का व्हावा म्हणून मीठ किंवा व्हिनेगर टाकायचा सल्ला सगळे देतात. सुटणारा रंग त्यानं बांधला जात नाही, त्यावर भरवसा ठेवून ऑर्डर देऊ नका.

मग आकसण्याची. पन्नास सेंटीमीटरचा चौकोन मार्करनं आखा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. चौकोन सत्तेचाळीसचा झाला तर त्या कापडाचं आकसणं सहा टक्के. उभ्या आणि आडव्या दोन्ही बाजू लिहा, त्या सारख्या नसतात.

मागावरून थेट आलेल्या कापडात सुताला लावलेली खळ असते. ती असेपर्यंत टेरी पाणी ओढत नाही. कोमट पाण्यात भिजवून, धुण्याचा सोडा आणि साबण लावून धुवा. नंतर सुकलेल्या टेरीवर चमच्यानं पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच आत गेला तर माल तयार, वर मण्यासारखा बसून राहिला तर पुन्हा धुवा. मऊपणासाठी कंडिशनर वापरू नका, त्यानं शोषण कमी होतं.

आता पाणी. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात "भरपूर पाण्यात धुवा" असं मी लिहिणार नाही. तीन टपांची रीत वापरा. कापड पहिल्या टपातून दुसऱ्यात आणि तिसऱ्यात जातं, पाणी उलटं येतं. स्वच्छ पाणी फक्त तिसऱ्या टपात घालायचं. एक खेप झाली की तिसऱ्याचं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचं पहिल्यात, आणि पहिल्याचं शेवटचं पाणी संडासाला. फिके रंग आधी, गडद शेवटी. प्रत्येक वेळी पाणी बदलण्यापेक्षा यात खूपच कमी पाणी लागतं.

लहान तुकडे सुटे धुतले तर मोरी तुंबते. कांद्याची जाळीदार गोणी घ्या, सोलापूरच्या बाजारात तिला तोटा नाही. ती आधी धुऊन, रंग सोडत नाही ना हे पाहून त्यात तुकडे भरा, तोंड बांधा, गोणीसकट धुवा, गोणीसकट पिळा आणि टांगा. वाळत घालताना मात्र पसरा. आपल्या उन्हात टेरी पटकन वाळते, पण गोणीच्या मधोमध ओल राहिली तर दोन दिवसांत कुबट वास धरते आणि तो पुढे जात नाही. गडद रंग सावलीत.

## पायरी ६: फर्मा आणि दहा नमुने

प्रत्येक वस्तूचा पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा एकच फर्मा करा. कात्रण वेडंवाकडं असलं तरी वस्तूचं माप ठरलेलं हवं, नाहीतर दुकानदाराला गठ्ठा लावता येत नाही. तुकडे जोडून मोठं कापड करायचं असेल तर आधी पट्ट्या, पट्ट्यांचं थान, मग फर्मा लावून कापणं. एकेक वस्तूसाठी तुकडे जोडत बसणं हा वेळेचा नाश आहे.

दहा नमुने शिवा आणि रोज वापरणाऱ्यांना द्या: चहाची टपरी, खानावळ, शेजारचं घर. नातेवाईक नकोत, ते चांगलंच म्हणतात. पंधरा दिवसांनी वापरलेलेच नमुने परत मागा आणि शिवण कुठे उसवली, कोपरा कुठे फाटला ते पाहा. पिशवी असेल तर तिच्यात पाच किलो ज्वारी भरून रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी बंदाच्या मुळाशी शिवण उघडलेली दिसली तर तिथे चौकोनी फुली मारून दुहेरी शिलाई घाला.

## पायरी ७: किंमत काढणं

इथे सर्वात मोठी चूक होते आणि तिची किंमत बायका मोजतात.

समजा टेरीचा दुपदरी पुसणी-रुमाल आहे. आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतलेत, तुम्ही आपले घाला. निवडणं-कापणं दोन मिनिटं, शिवणं चार, दोरे तोडणं आणि घडी दीड, एकूण साडेसात मिनिटं. तासाला ७० रुपये मजुरी धरली तर एका नगाला ८.७५ रुपये. कात्रण चाळीस ग्रॅम, किलोला २० रुपयांनी ०.८०. धुणं ०.६०. दोरा आणि वीज ०.६०. लेबल आणि बांधणी १.२५. बेरीज १२ रुपये. वीसात एक नग बाद जातो असं धरलं तर १२.६३. त्यावर भाडं, वाहतूक आणि नफ्यासाठी पंचवीस टक्के, म्हणजे जवळपास १६ रुपये. हा दुकानदाराला द्यायचा भाव.

आता नेहमी होतो तो हिशेब. कात्रण फुकट, धुणं घरचं, निवडणं "बसल्या बसल्या". फक्त शिलाईची चार मिनिटं धरली, ४.६७, त्यात दोरा-वीज आणि लेबल, ६.५२. भाव ठरतो ८ रुपये आणि सगळे खूश होतात, कारण माल खपतो. प्रत्येक नगामागे साडेचार रुपयांहून जास्त खड्डा पडतो आणि तो कुणाच्या तरी न दिलेल्या मजुरीतून भरला जातो. टाकाऊ माल वाचवला म्हणून आपण समाधानी आणि निवडणारीच्या साडेतीन मिनिटांचे पैसे कुणीच दिले नाहीत, याला मी हरित उद्योग म्हणणार नाही.

तपासा: वेळ घड्याळ लावून मोजा, आणि सर्वात चपळ बाईचा धरू नका. गटातल्या मधल्या वेगाच्या तिघींचा, दुपारच्या जेवणानंतरचा वेळ मोजून सरासरी घ्या. आठ तास काम केल्यावर नगावारी मजुरी शासनाच्या किमान वेतनाच्या खाली जात असेल तर दर वाढवा किंवा ती वस्तू बंद करा.

## पायरी ८: काम वाटण्याची रीत

आपल्या शहरात हजारो बायका विड्या वळतात. नगावर मजुरी, मोजणी, छाट (नापास नग बाजूला काढणं), हे त्यांना पाठ आहे आणि त्यातला जाचही त्यांना माहीत आहे. तोच जाच नव्या कामात आणू नका.

छाटीचा नियम कामाआधी सांगा, नमुना हातात देऊन. शिवणीत चूक असेल तर दुरुस्त करून घ्या. कापडात दोष असेल, रंग उतरला असेल, फर्मा चुकला असेल तर मजुरी पूर्ण द्या, ती चूक युनिटची आहे. नाकारलेला नग बाईसमोर दाखवून नाकारा आणि तो नंतर गुपचूप विकू नका.

प्रत्येकीकडे स्वतःचं पासबुक हवं: दिलेलं वजन, आलेले नग, मजुरी, दिल्याची सही. मजकूर तिला वाचता येईल अशा लिपीत लिहा. पूर्व भागात तेलुगू वाचणाऱ्या आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड वाचणाऱ्या बायका आहेत. मराठीत लिहून सही घेतली की हिशेब तिचा राहत नाही. मजुरीचा वार ठरवा आणि मोडू नका, दुकानदाराचे पैसे आले नसले तरीही. त्यासाठी एका महिन्याच्या मजुरीएवढी रक्कम बाजूला ठेवूनच पहिली ऑर्डर घ्या.

माल पोचवणं-आणणं युनिटनं करायचं. शहराबाहेर कुंभारीला असलेल्या गोदूताई वसाहतीतून किंवा रे नगर या कामगार वसाहतीतून गठडं घेऊन रिक्षानं यायला-जायला जे भाडं पडतं, ते मजुरीतून गेलं तर उरतं काय? आठवड्यातून एक वार ठरवून एकाच फेरीत सगळ्यांचा माल उचला.

घरी काम देताना भुशाचं काम, म्हणजे निवडणं आणि झटकणं, घरी देऊ नका. एका खोलीत चूल, लहान मूल आणि टेरीचा भुसा एकत्र येतात. घरी फक्त धुतलेले, कापलेले तुकडे जावेत. आणि मुलांचे हात हिशेबात धरून ऑर्डर घेऊ नका. एखादीचे नग अचानक दुप्पट व्हायला लागले तर कौतुक करण्याआधी घरी जाऊन विचारा.

## पायरी ९: विक्री आणि लेबल

पहिलं गिऱ्हाईक पाच किलोमीटरच्या आत शोधा. खानावळी, शाळा, दवाखाने, गॅरेज, कडक भाकरी आणि शेंगा चटणी पॅक करून विकणारे. ज्या शाळेचा गणवेश शिवला, त्याच कापडाची डब्याची पिशवी त्याच शाळेला दाखवा. रंग जुळतो, पालकांना पटतं. जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेसाठी माल हवा असेल तर नमुने दिवाळीपूर्वी तयार हवेत.

कापडी पिशवी विकताना दुकानदार म्हणेल, "माझ्याकडे कापडीच आहे." बहुतेक वेळा ती नॉन-वोवन, म्हणजे न विणलेली असते. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. केंद्राच्या नियमानुसार ६० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ६० ग्रॅम) पातळ नॉन-वोवन पिशवीला आणि १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक कॅरीबॅगला बंदी आहे. तुमची पिशवी सुती असेल तर भाषण न देता दोन्ही पिशव्यांची एकेक कड जाळून दाखवा, दुकानाबाहेर.

लेबलवर खरं तेवढंच छापा: कापडाची जात, कसं धुवायचं, कारखान्यातल्या उरलेल्या नव्या कापडापासून केलं आहे. "नवं" हा शब्द महत्त्वाचा आहे, नाहीतर लोकांना वापरलेले जुने कपडे वाटतात. मिश्र कापडाच्या पिशवीवर "शंभर टक्के नैसर्गिक" लिहू नका.

## पायरी १०: कागदपत्रं

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅनवर. एजंटला पैसे देऊ नका. ही नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि माल दिल्याच्या तारखेची पोच घ्या. फक्त माल विकणाऱ्यांना राज्यात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर आधी सनदी लेखापालाला विचारा. कर्ज-अनुदानाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा, तीही पायरी सातचा हिशेब हातात आल्यावर.

## तिसऱ्या महिन्याची तपासणी

वही काढा आणि पहिल्या तीन आठवड्यांशी ताडून पाहा. दुसरी पायरी नीट केली असेल तर कात्रणाचं वजन घटलेलं दिसेल आणि गटाला माल कमी पडायला लागेल. अशा वेळी मास्तरांना "जरा सैल कापा" असं सांगणारे मालक मी पाहिलेत. तसं करू नका. शेजारच्या युनिटकडून कात्रण घ्या, पण तीन अटींवर: त्यांच्याच टेबलाजवळ वेगळं केलेलं, वजन करून, आणि ठरलेल्या भावानं. सरमिसळ गोणी फुकट मिळाली तरी दारातूनच परत पाठवा.